तुरुंगातले बिनबंदुकीचे लोक

तुरुंग म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसे उभी राहतात. एक गजाआड बसलेला कैदी आणि दुसरा गजाबाहेर उभा असलेला शिपाई. फार तर त्यांत एखादा करड्या आवाजाचा जेलर येऊन मिळतो. सिनेमांनी आणि कादंबऱ्यांनी आपल्याला एवढीच पात्रे दाखवली आहेत. पण तुरुंग हे एक गावच असते. तिथे शेकडो माणसे रोज जेवतात, आजारी पडतात, भांडतात, पत्रे लिहितात, म्हातारी होतात. गावाला जसा तलाठी लागतो, कंपाउंडर, मास्तर, सुतार, शिंपी लागतो, तसे ते तुरुंगालाही लागतात. या माणसांच्या हाती बंदूक नसते की काठी नसते. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांच्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

निमित्त झाले एका जाहिरातीचे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या कारागृह व सुधारसेवा विभागाने २५५ जागांसाठी अर्ज मागवले होते. तेव्हा मी बारावीत होते. आमच्या धामणगाव बढे गावात सरकारी नोकरीची जाहिरात आली, की कपाशीच्या भावाइतकीच तिची चर्चा होते. या जाहिरातीतली पदांची नावे वाचून मात्र पोरांना हसू आले. लिपिक, शिक्षक ही नावे ओळखीची होती. पण मिश्रक? ताणाकार? करवत्या, कातारी, जोडारी? एकजण म्हणाला, ही जेलची भरती आहे की बलुतेदारांची?

विनोद बरा होता, पण ही नावे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. मिश्रक म्हणजे औषधे देणारा, ज्याला आपण कंपाउंडर म्हणतो तो. ताणाकार मागासाठी उभ्या धाग्यांचा ताणा तयार करतो. करवत्या लाकूड कापतो, कातारी ते कातून त्याला गोल आकार देतो, जोडारी म्हणजे फिटर. 'पंजा व गालिचा निदेशक' असेही एक पद होते. पंजा हे सतरंजी विणणाऱ्याचे दातेरी हत्यार. त्याने आडवे धागे ठोकून घट्ट बसवतात. या एकेका शब्दामागे एक जुना कारखाना उभा आहे. एकोणिसाव्या शतकात येरवड्याच्या तुरुंगात गालिचे विणले जात. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला एक प्रचंड गालिचा तर राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर येथील राजवाड्यात अंथरला गेला. एवढे लांब कशाला जा! जुन्या शासकीय पुस्तकांच्या शेवटच्या पानावर 'येरवडा कारागृह मुद्रणालय' अशी ओळ आपल्या ग्रंथालयातच पाहावयास मिळेल.

मला नवल वाटले ते आकड्यांचे. त्या २५५ जागांपैकी १२५ जागा लिपिकांच्या आणि ३१ वरिष्ठ लिपिकांच्या होत्या. मिश्रक २७. शिवणकाम आणि सुतारकाम निदेशक प्रत्येकी १०. शिक्षक १२. ब्रेललिपी निदेशक १. म्हणजे पाच माणसे घ्यावयाची तर त्यांत तीन कारकून! सरकारला कागदांची हौस, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. परंतु एका मैत्रिणीचे आजोबा याच खात्यात आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी मला दोन-तीन दुपारी समोर बसवून हे कागद समजावून दिले. तेव्हापासून माझ्या मनात असे पक्के बसले आहे, की तुरुंगाच्या दाराला दोन किल्ल्या असतात. एक शिपायाच्या कमरेला आणि दुसरी कारकुनाच्या टेबलावर. शिपायाची किल्ली रोज फिरते, कारकुनाची एकदाच. पण ती फिरल्याशिवाय माणूस घरी जात नाही.

हे समजण्यासाठी आधी कच्चा कैदी आणि पक्का कैदी यांतला भेद पाहिला पाहिजे. ज्याचा खटला अजून चालू आहे तो कच्चा, सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. ज्याला शिक्षा झाली तो पक्का, म्हणजे सिद्धदोष बंदी. आपली समजूत अशी, की तुरुंगात गुन्हेगार असतात. वस्तुस्थिती अशी, की २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्धच व्हावयाचा होता. जागेच्या मानाने माणसेही फार. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. या गर्दीतल्या प्रत्येकाची तारीख, कलम, न्यायालय, जामीन, अपील हे सारे कुणीतरी लिहून ठेवायचे असते. तो कुणीतरी म्हणजे लिपिक.

आता पक्क्या कैद्याचा हिशेब पाहू. गोष्ट कल्पित आहे, रीत खरी आहे. समजा, एका माणसाला १० मार्च २०२१ रोजी अटक झाली. खटला चालला आणि २५ जानेवारी २०२३ रोजी त्याला तीन वर्षे सक्तमजुरी व दोन हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी दोन महिने कैद, अशी शिक्षा झाली. तो सुटणार केव्हा? आपण बोटांवर मोजून सांगू, जानेवारी २०२६. पण तसे नाही. खटला चालू असताना तो जितके दिवस आत होता, तितके दिवस शिक्षेतून वजा होतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४२८ वे कलम हे सांगत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४६८ वे कलम सांगते. त्याचे एक वर्ष, दहा महिने आणि पंधरा दिवस आधीच भरलेले आहेत. म्हणून शिक्षेचा शेवटचा दिवस येतो ९ मार्च २०२४. पण मध्यंतरी तो चाळीस दिवस जामिनावर बाहेर असेल, तर ते दिवस मोजायचे नाहीत. तारीख जाईल १८ एप्रिलला. दंडाचे दोन हजार घरच्यांना जमले नाहीत, तर १८ जूनला. मग चांगल्या वर्तणुकीची आणि कामाची माफी यातून वजा होत जाते. तो संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर गेला आणि उशिरा परतला, तर पुन्हा निराळे गणित. दोन खटल्यांत शिक्षा झाली असेल, तर त्या एकत्र भोगायच्या की एकीमागून एक, हे निकालपत्रातल्या एका ओळीवरून ठरते. ती ओळ कारकुनाच्या नजरेतून सुटली तर?

आमच्या गणिताच्या परीक्षेत हातचा धरायचा राहिला, तर एक गुण जातो. इथे हातचा राहिला, तर एका माणसाचा महिना जातो.

महिना तरी बरा म्हणावा, अशी एक हकिगत आपल्या न्यायालयाच्या इतिहासात नोंदलेली आहे. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी रुदल साह नावाच्या कैद्याला निर्दोष ठरवले. तो तुरुंगातून बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोष सुटल्यानंतर चौदा वर्षे! १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी बिहार सरकारला पस्तीस हजार रुपये द्यावयास लावले. बेकायदा कैदेबद्दल सरकारने नागरिकाला भरपाई द्यावी, हा पायंडा या निकालाने पडला. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे आपल्या महाराष्ट्रातले. कायद्याच्या पुस्तकांतून या निकालाचे महत्त्व सांगितलेले असते. मला मात्र राहून राहून त्या तुरुंगाच्या कचेरीची कल्पना येते. चौदा वर्षांत तिथे किती कारकून आले असतील आणि बदलून गेले असतील! दरवर्षी जुन्या वह्यांवरून नव्या वह्यांत नावे उतरवली गेली असतील. त्या नावापुढे 'हा इथे का?' असा प्रश्न एकाही लेखणीला पडला नसेल काय?

हे जुन्या काळचे झाले, असेही म्हणता येत नाही. २०२५ साली उत्तर प्रदेशातील गाझियाबादच्या तुरुंगात एक कैदी सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावरही जवळजवळ महिनाभर अडकून पडला. कारण काय, तर आदेशात कलमाचा आकडा होता, पण त्यातले एक उपकलम लिहिलेले नव्हते. बाकी नाव, गाव, गुन्हा सगळे जुळत होते. न्यायालयाने संताप व्यक्त करून पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. इथे कारकुनाचीही एक बाजू आहे आणि ती आजोबांनी मला आवर्जून सांगितली. चुकीचा माणूस सुटला, तर त्याची नोकरी जाते. बरोबर माणूस अडकला, तर बहुधा कुणी विचारीत नाही. म्हणून भित्रा कारकून शंका येताच कागद परत पाठवतो. नियमावर बोट ठेवणे सोपे असते. फोन उचलून न्यायालयाच्या कचेरीत विचारणे हे नियमात लिहिलेले नसते, पण चांगला कारकून तेवढे करतो.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर एक 'जामीन पेटी' आहे. जामिनाचा आदेश त्या पेटीत टाकायचा आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेला ती उघडून झाली, की त्यानंतर आलेल्या कागदाला दुसरा दिवस. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी एका नामवंत सिनेनटाच्या मुलाचे कागद साडेपाचच्या आत त्या पेटीत पडले नाहीत, म्हणून त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. बाहेर कॅमेरे होते, म्हणून पेटीची गोष्ट देशाला समजली. ज्यांच्यासाठी कुणी कॅमेरा घेऊन उभे राहत नाही, त्यांच्या किती रात्री त्या पेटीने खाल्ल्या असतील कोण जाणे! ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पाठवावा, त्याची तारीख संगणकात नोंदवावी आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. गरीब माणसाला जामीन मिळतो, पण जातमुचलक्याचे किंवा जामीनदाराचे जमत नाही, म्हणून तो आतच राहतो. हे सात दिवस मोजण्याचे काम पुन्हा त्याच टेबलावर आले.

तसाच आणखी एक हिशेब. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा आहे, तिच्या निम्मा काळ कच्च्या कैद्याने आत काढला, तर त्याला जामिनावर सोडावे, अशी तरतूद आहे. ज्याच्यावर यापूर्वी कधीच गुन्हा शाबीत झालेला नाही, त्याच्यासाठी एक तृतीयांश काळ पुरे. फाशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यालाही ही सवलत नाही. हे नव्या संहितेचे ४७९ वे कलम. त्याचा लाभ जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. या कलमात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकांवर टाकली आहे. कैद्याने मागितले नाही तरीही! परंतु अधीक्षकांना कोण सांगणार, की अमक्याचा एक तृतीयांश काळ परवा भरतो? त्यासाठी यादी लागते. यादी करणारा लागतो.

कारकुनाच्या वहीतला एक रकाना मात्र आता पुसला गेला आहे, आणि तो पुसला गेला याचा मला मनापासून आनंद वाटतो. तुरुंगाच्या कित्येक कामांवर पगारी नोकर नसतातच. स्वयंपाक, झाडलोट, दवाखान्यातली शुश्रूषा ही कामे बहुतांशी कैदीच करतात. ही कामे वाटताना काही राज्यांच्या नियमपुस्तकांत जात पाहण्याची सोय इंग्रजांच्या काळापासून चालत आली होती. स्वयंपाक कुणी करावा आणि संडास कुणी साफ करावेत, हे कैद्याच्या जातीवरून ठरत असे! सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी हे प्रकरण उजेडात आणले आणि त्याच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने असे सारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. वडिलांच्या निकालानंतर एकेचाळीस वर्षांनी मुलाचा निकाल, आणि दोन्हींचा संबंध तुरुंगाच्या वहीशी, हा एक योगायोगच. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्या वस्त्या आपल्या जिल्ह्यातही आहेत. तो कायदा रद्द होऊन सत्तर वर्षे उलटली, तरी गावात चोरी झाली की पहिला संशय कुठे जातो, हे आपणांस सांगावयास नको. वहीतला रकाना पुसणे सोपे, मनातला अवघड.

आता इतर मंडळींकडे वळू. मिश्रकाविषयी थोडक्यात सांगते. कैदी आत येतो तेव्हा त्याची वैद्यकीय तपासणी होते आणि त्याच्या अंगावरच्या खुणा व जखमा लिहून घेतल्या जातात. दिसायला ही साधी नोंद. पण एखाद्याला कोठडीत मारहाण झाली असेल, तर पुढे न्यायालयात हाच कागद बोलतो. शिवाय गर्दीच्या बराकीत एकाला क्षय झाला, की दहांना धोका. गोळी नुसती हातावर ठेवून भागत नाही, ती गिळलेली पाहावी लागते.

निदेशक म्हणजे हस्तकाम शिकवणारा. बाहेरच्या आय. टी. आय. मधला निदेशक आणि हा, यांत फरक इतकाच, की याच्या विद्यार्थ्यांच्या हाती पटाशी आणि करवत देताना मोजून द्यावी लागते आणि संध्याकाळच्या गिनतीआधी मोजून परत घ्यावी लागते. एक पटाशी कमी भरली, तर सगळे काम थांबते. मला यात एक मोठी चमत्कारिक गोष्ट वाटते. ज्या माणसाला सरकारने धोकादायक म्हणून कोंडले, त्याच्याच हातात सुताराने धारेचे हत्यार द्यायचे आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याचा रंधा पाहायचा! विश्वास टाकल्याशिवाय हे काम एक दिवसही चालणार नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत औंध संस्थानाने १९३९ साली हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि भिंतींशिवाय कैद्यांना शेतीवर ठेवले. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. वसाहत आटपाडीची, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

राहिले शिक्षक. २५५ मध्ये १२. हा आकडा मला सर्वांत जास्त टोचला, कारण मला स्वतःला शिकवण्याचे काम करावयाचे आहे. तुरुंगातला शिक्षक काय शिकवतो? सुरुवात सहीपासून होते. अंगठा उठवणारा माणूस वकीलपत्रावर काय लिहिले आहे हे न वाचताच अंगठा देतो. तो अक्षरे शिकला, तर निदान स्वतःवरचा आरोप तरी स्वतः वाचू शकतो. पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची केंद्रे काही मध्यवर्ती कारागृहांत आहेत. तिथून कैदी पदवीपर्यंत जातात आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यास शिक्षेत काही माफीही मिळते. म्हणजे इथे पुस्तक वाचून दिवस कमी होतात, हे शब्दशः खरे आहे. आईबरोबर आत राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघर व बालवाडी असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले आहे. ज्या मुलाने बैल, एस.टी. किंवा नदी पाहिलेली नाही, त्याला 'ब बैलाचा' कसे शिकवायचे, हा प्रश्न आमच्या डी. एड. च्या पुस्तकांत सापडेल असे वाटत नाही.

तुरुंग आणि शिक्षण यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून अठरा रविवार विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. ती आज पुस्तकरूपाने घरोघर आहेत, ती साने गुरुजींनी बसून लिहून घेतली म्हणून. विनोबांची थोरवी आपण जाणतोच. पण तो लिहून घेणारा हात नसता, तर ते शब्द बराकीच्या भिंतींतच विरले असते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. ही थोर माणसे होती, राजकीय कैदी होती, हे खरे. परंतु चोरीच्या आरोपावरून आत आलेल्या मुलालाही कागद आणि पेन्सिल लागते, आणि त्याच्याजवळ साने गुरुजी नसतात. म्हणून तिथे पगारी मास्तर नेमावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीविषयीचे नियम नव्याने मंजूर केले. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेलांचे नाव त्यांना दिले आहे. त्यांतल्या ७८ व्या नियमात असे म्हटले आहे, की समाजसेवक, शिक्षक आणि हस्तव्यवसाय शिकवणारे हे तुरुंगात कायम स्वरूपाचे नोकर असावेत. 'कायम' या शब्दावर माझा भर आहे. सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा मास्तर आपले नाव हजेरीत टिकवण्याच्या चिंतेत असतो. तो अट्टल पोराच्या मनात शिरणार केव्हा?

समाजसेवकांचे काम आपल्याकडे बरेचसे संस्थांनीच उचलले आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. त्याचे कार्यकर्ते तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांना वकील मिळवून देणे, घरी निरोप पोहोचवणे, सुटल्यावर काम शोधून देणे अशी कामे करतात. ऐकायला ही कामे किरकोळ वाटतात. पण बाप अकस्मात आत गेला, की बाहेर काय होते याचा विचार करून पाहा. पेरणी कोण करणार? पोरांची शाळा कोण पाहणार? मुलाखतीच्या दिवशी आईने मजुरी बुडवून आणि भाड्याला पैसे उसने घेऊन जायचे, रांगेत उभे राहायचे, आणि ओळखपत्रावरचे नाव जुळत नाही म्हणून परत यायचे. तिला कोणता कागद आणायचा हे खिडकीतल्या माणसाने नीट शब्दांत सांगितले, तर तिची पुढची खेप वाया जात नाही.

घरी मी या नोकरीचा विषय काढला, तेव्हा बाबा म्हणाले, "शिकून सवरून जेलात जातं काय वं माय?" आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझी नोकरी म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे शाळा, बँक किंवा तहसील कचेरी. तुरुंगाच्या दारातून आत गेलेल्या माणसाला, मग तो कुठल्याही कारणाने गेलेला असो, काहीतरी चिकटते असे गावाला वाटते. आणि मुलीच्या बाबतीत तर अधिकच वाटते. मी त्यांना जाहिरातीतले आकडे दाखवले, आजोबांनी शिकवलेला तो तारखेचा हिशेब करून दाखवला. बाबांनी तो शेवटपर्यंत ऐकला. कापूस मोजणाऱ्याच्या काट्यावर नजर ठेवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले आहे. मोजणाऱ्याच्या हाती काय असते, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी फक्त विचारले, आणि तो हिशेब कैद्याला कुणी दाखवतं का?

प्रश्न बिनतोड होता. मी तो आजोबांना नेऊन विचारला. ते म्हणाले, की विचारणाऱ्याला दाखवतात. पण विचारायचे असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक पद्धत ठेवली होती. पक्का कैदी आला, की ते एका कागदाच्या कपट्यावर त्याच्या सुटकेची अंदाजी तारीख मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हाती देत आणि माफी मिळून ती बदलली, की नवा कपटा देत. काही कैदी ते कपटे वर्षानुवर्षे जपून ठेवीत.

सुटकेच्या दिवशीचे काम त्यांना विशेष आवडत असे. आत येताना लिहून घेतलेल्या वस्तू, घड्याळ, अंगठी, पाकीट, सदरा, एकेक करून परत द्यावयाच्या, खात्यावरचे पैसे मोजून द्यावयाचे, सही किंवा अंगठा घ्यावयाचा. ज्याच्याजवळ काही नाही, त्याला घरापर्यंतचे भाडे. त्यासाठी गावाचे नाव विचारावे लागते. शहरातला माणूस रात्री आठ वाजता सुटला, तरी घरी पोहोचतो. पण आमच्यासारख्या गावचा माणूस बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याला येणार आणि तिथून पुढची गाडी पाहणार. ती गेलेली असली, तर सुटकेची पहिली रात्र त्याला स्टँडवरच्या बाकड्यावर काढावी लागते, आणि गस्तीच्या पोलिसाने विचारले, तर तुरुंगातून आलो असे सांगावे लागते. म्हणून आजोबा सकाळी कचेरीत आल्याबरोबर त्या दिवशी सुटणाऱ्यांच्या कागदांतून लांबच्या खेड्यांतले कागद वेगळे काढीत आणि सह्यांसाठी सर्वांत वर ठेवीत.